हेल्मेटमध्ये शिरलेला वारा

मित्रांनो, तुमच्यासमोर खुंटीवर टांगलेले हे जुने, काळे, एका बाजूने खरचटलेले हेल्मेट म्हणजे मी. स्वभावाने मी संशयी आहे. पुढचा ट्रक अचानक थांबेल, डावीकडून कोणीतरी घुसेल, पाण्याखाली खड्डा असेल, असे मला सतत वाटत राहते. डोक्याची राखण करणाऱ्याला असा स्वभाव लागतोच.

एका कारखान्यात साच्यातून माझे कवच निघाले. आत जाड फोमचा थर बसला, त्यावर मऊ अस्तर आले. माझ्यासारख्याच काही हेल्मेटांवर उंचावरून लोखंडी वजन टाकून आमची परीक्षा झाली. मग मी वाशीच्या एका दुकानात आलो. तिथून मला उन्नतीने आपल्या नवऱ्यासाठी घेतले. "हे पडले तर डोकं वाचेल ना?" एवढेच तिने दुकानदाराला विचारले. कानांचे काय, हे तिने विचारले नाही. ते कोणीच विचारत नाही.

तिचा नवरा दिपेश बोनकोडे गावचा. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर आहे. रोज मोटरसायकलवर पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत आणि पुढे उरणच्या रस्त्याने त्याची ये-जा. मला घातल्याशिवाय तो कधी किल्ली फिरवत नसे. त्याच्या शिस्तीचे गावात कौतुक व्हायचे आणि मीही त्यात फुलून जायचो.

एके दिवशी त्याचा धाकटा भाऊ मिथुन गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. मला त्या गोणपाटाचा लगेच संशय आला. आत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर निघाला. कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर गेला आणि हा गाडीला लागला.

"आता भाई नाक्यावर आला, का घरात चहा ठेवायचा!" मिथुन हसत म्हणाला.

त्या दिवसापासून गाडी गर्जू लागली. पण मित्रांनो, एकट्या सायलेन्सरला दोष देऊन चालणार नाही. गाडीने वेग घेतला की हनुवटीखालच्या फटीतून वारा माझ्यात शिरतो आणि कानांपाशी असा घोंघावतो, की पिंपात कोंडल्यासारखे वाटते. हा आवाज रोज जाताना आणि येताना, वर्षानुवर्षे. घरी आल्यावर दिपेश कानात बोट घालून हलवायचा. "कुईं कुईं वाजतंय," असे म्हणायचा आणि जेवायला बसायचा. सकाळी ते थांबलेले असे, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

पुढे घरात काहीतरी बिनसले. दाराजवळच्या या खुंटीवरून मला सगळे दिसते आणि ऐकूही येते. उन्नती विचारायची, "चहा टाकू?" दिपेश उत्तर देत नसे. तिला वाटे, हा रागावलाय. त्याची आई गोजराबाई हाक मारायची आणि तो तिच्यासमोरून निघून जायचा. मिथुन बोलला की मात्र तो लगेच मान वळवायचा. मग सासू-सुना एकमेकींकडे बघायच्या. आपलेच काहीतरी चुकले असावे, असे दोघींना वाटायचे.

दिपेशच्या मनात वेगळेच शिजत होते. यार्डात ट्रकवाल्यांचे बोलणे त्याला नीट कळत होते, मिथुनचे कळत होते. फक्त घरातल्या बायका बोलल्या की तोंडे हलताना दिसत आणि कानावर नुसती पुटपुट येई. "मी आलो की तुमी आवाज का खाली करता?" तो उन्नतीला म्हणायचा. ती म्हणायची, "कुठं केला?" तेही त्याला अर्धेच ऐकू यायचे आणि संशय आणखी वाढायचा. तो तिचा फोन बघू लागला. ती दुकानात गेली की खिडकीत उभा राहू लागला. उन्नतीही काही कमी नव्हती. फोनवर तो सगळ्याला "हो, हो" म्हणतो आणि सांगितलेले काहीच करत नाही, म्हणजे याचे मन दुसरीकडे कुठेतरी आहे, असे तिने ठरवून टाकले होते.

दिपेशची धाकटी बहीण सोनल हिचे लग्न ठरले, त्या दिवसांतली गोष्ट. एका दुपारी दिपेश कामावरून लवकर निघाला. गाडी त्याने गल्लीच्या तोंडाशीच बंद केली, मला हातात धरले आणि दबकत घरापर्यंत आला. चोराच्या हातात असल्यासारखे मला वाटत होते.

दार उघडेच होते. गोजराबाई आणि उन्नती दाराकडे पाठ करून, डोक्याला डोके लावून बसल्या होत्या. गोजराबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिचा आवाज बारीक आणि गोड. ती सुनेला हळदीचे गाणे शिकवत होती. मला एकेक शब्द ऐकू येत होता. दिपेशला फक्त हलणाऱ्या माना दिसत होत्या.

"पकडलं!" तो ओरडला. "माझ्या मागं काय कारस्थान चाललंय?"

गोजराबाई दचकून वळली. "कसला कारस्थान? गानी बोलतोय आमी. सोनलच्या हळदीची."

"खोटं! गानी म्हनत होता, तर मग आवाज कुठं होता?"

उन्नती त्याच्याकडे बघत राहिली. मग पाणी आणायला निघाल्यासारखी उठून त्याच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मी उद्या माहेरी चाललेय. परत येनार नाय."

गोजराबाईने तोंडावर हात धरला. दिपेशने मानसुद्धा वळवली नाही. "आई, तू मधे पडू नको," असे काहीतरी तो बोलतच राहिला.

उन्नती पुढे आली. तिचे डोळे भरले होते. त्याचे दोन्ही खांदे धरून ती मोठ्याने म्हणाली, "तुमाला ऐकू येत नाय."

"मला सगळं ऐकू येतं! मिथुनचं येतं, ट्रकच्या हॉर्नचं येतं..."

"त्यांचे आवाज जाडे हायत. आमचे बारीक."

मी दिपेशच्या हातातून सुटून घरंगळलो. उचलायला कोणी आले नाही.

कानाच्या डॉक्टर स्मिता यांच्याकडे तपासणी झाली. "मी तर रोज हेल्मेट घालतो," दिपेश म्हणाला. त्यांनी मला उचलले आणि माझ्या खालच्या फटीत बोटे घातली. "हे डोकं वाचवतं, कान नाही. वेगात असताना इथून वारा आत घुसतो. बारीक आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. उरलेले मात्र आपण सांभाळू शकतो."

त्यांनी फोमचे दोन केशरी बोळे दिले. पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. मला त्या बोळ्यांचा भयंकर संशय आला. आधीच ऐकू कमी येते, त्यात कान बंद! मागून ट्रेलर आला तर?

उरणच्या रस्त्यावर मी जीव मुठीत धरून होतो. आणि मागून ट्रेलर आलाच. त्याने हॉर्न दिला आणि दिपेश अलगद डावीकडे सरकला. वाऱ्याचा घोंघाट दबला होता, म्हणून हॉर्न उलट ठळक ऐकू आला होता. त्या दिवशी माझा एक संशय मिटला.

मिथुनने माळ्यावरचा सायलेन्सर परत बसवला. "भाई, गाडी मुकी झाली," म्हणून तो कुरकुरला. दिपेशने ऐकले आणि सोडून दिले.

लग्नाच्या हळदीला तो आईच्या अगदी समोर बसला. तिच्या ओठांवर डोळे लावून, हाताचा पंजा कानामागे धरून. अर्धेच शब्द त्याच्यापर्यंत पोहोचले असतील. गाणे संपल्यावर तो बराच वेळ उठला नाही. हल्ली तो उन्नतीला "काय लपवतेस?" असे विचारत नाही. "माझ्याकडं बघून बोल," असे म्हणतो, आणि ती बघून बोलते.

मित्रांनो, आता माझे अस्तर झिजले आहे, फोम दबला आहे. उद्या माझ्या जागी नवे हेल्मेट येईल आणि ते यायलाच हवे. दुकानात माझ्यासारखी हेल्मेटे ओळीने मांडलेली असतात. कानांचे तसे दुकान नाही. म्हणून गाडी काढताना मला घाला, पण त्याआधी कानात बोळे घाला. आणि घरी आल्यावर कान वाजत असतील, तर घरच्यांवर संशय घेण्याआधी त्या वाजण्याचा संशय घ्या.