शेवटचा एक तास

मंगळवारी आप्पासाहेब महाराजांचं स्वरयंत्र काढलं. ते ठरल्यावर आदल्या रविवारी त्यांनी आमच्या गल्लीतल्या मारुती मंदिरात शेवटचं कीर्तन केलं. त्यांची मुलगी तनुजा पुण्याहून येऊ शकली नाही. फोनवर तिनं मला एवढंच सांगितलं होतं की, काका, रेकॉर्डिंग नीट करा. मंदिराचं रेकॉर्डिंग नऊ वर्षं मीच करतो.

मी ‘थांबा’ दाबलं तेव्हा लॅपटॉप म्हणाला, डिस्क भरली, साठवता येत नाही. मागच्या सप्ताहाची कीर्तनं मी डिस्कवरून काढलीच नव्हती. खाली एकच बटण होतं, ‘बंद करा’. ते न दाबता लॅपटॉप चार्जरला लावून घरी ठेवला आणि देवाला हात जोडले.

गुरुवारी दवाखान्यातून तनुजा आली. सोबत आई, द्वारकाबाई. तनुजा कंपनीत कॉम्प्युटरची असलीच कामं करते. ती म्हणाली, प्रोग्राम चालू आहे तोवर आवाज त्याच्या मेमरीत आहे. सिस्टीम लायब्ररीनं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच तयार कोडनं, प्रोग्राम आहे तिथंच थांबवायचा, मेमरी वाचायची आणि पेनड्राइव्हवर उतरवायची. कोडची एखादी ओळ चुकली तर प्रोग्राम मरेल, मग काहीच उरणार नाही. वीसेक ओळी लिहून तिनं त्या चारदा तपासल्या. द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

मेमरी उतरली. मला केवढं हायसं वाटलं. तनुजा मात्र आकडे पाहत राहिली.

“काका, यात फक्त शेवटचा एक तास राहतो. डिस्क भरलेली असली तर नवं आलं की जुनं पुसलं जातं. कीर्तन संपल्यावर लगेच थांबवलं होतं ना?”

गजर संपला की महाराजांच्या पायावर डोकं ठेवायचं, मग एकमेकांच्या पाया पडायचं, ही आमची रीत. त्या दिवशी तर सगळेच रडत होते. मी मशीन सोडून रांगेत उभा राहिलो. पुढं पंगत बसली, मी वरणाची बादली उचलली. लॅपटॉपची आठवण झाली तेव्हा दीड तास उलटला होता.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिनं आवाज लावला. ताटं, पळ्या, कुणीतरी भात मागतंय, एक पोर रडतंय. कीर्तनाचा एक शब्द नाही. ती पुढं पुढं सरकवत गेली. एका ठिकाणी महाराजांचा घोगरा, दमलेला आवाज आला.

“श्रीनिवासराव कुठंयत? लई वेळचे वाढतायत. त्यांना बसवा आधी.”

द्वारकाबाई उठून जवळ आल्या. “परत लाव,” म्हणाल्या.

तनुजानं परत लावलं. मग आणखी एकदा. तासाभरात त्यांचा आवाज तेवढाच होता. तिनं तो कापून आईच्या मोबाईलवर टाकला. त्यात माझं नाव होतं, लेकीचं नव्हतं.

दोघी दवाखान्यात निघाल्या. महाराजांना काय सांगू, असं मी विचारलं.

“काही नका सांगू,” तनुजा चप्पल घालत म्हणाली. “त्यांनी विचारलं तर मी सांगते. पाटीवर लिहून विचारतात ते आता.”