नेपच्यूनवरचा दाढीचा आरसा

मी आरसा बोलतोय. नटण्यामुरडण्याचा नव्हे, दाढीचा. वीतभर उंचीचा, लाल प्लॅस्टिकच्या चौकटीतला. इंदापूरच्या आठवडे बाजारात गेणबांनी मला उचललं आणि दुकानदाराला एवढंच विचारलं, "खोटं दावत न्हाय न्हवं?" तेव्हापासून सतरा वर्षं मी त्यांच्या वस्तीवर, गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, टांगलेला होतो.

ही वस्ती शेळगावापासून तीन किलोमीटर, कालव्यापलीकडं. चारी बाजूंनी ऊस. बायको गेल्यावर मुलगा रणजित गावातल्या घरी चला म्हणून हात धुऊन मागं लागला, पण गेणबांना गाई सोडून करमेना. रणजित सकाळ-संध्याकाळ धारांना यायचा. बाकी दिवसभर गेणबा, दोन गाई आणि मी. दर रविवारी ते माझ्यासमोर दाढी करायचे आणि साऱ्या आठवड्याचं मला सांगायचे. माणूस एकटा असला की आरशाशीही बोलतो. मला ते आवडायचं.

मग एका जानेवारीत आमची वस्ती नेपच्यून झाली.

ते असं झालं. रणजितची मुलगी निकिता गावच्या शाळेत सातवीत होती. तिच्या मोनाली मॅडमनी ठरवलं, सूर्यमाला पुस्तकातल्या चित्रात शिकवायची नाही, चालून शिकवायची. शाळेच्या गच्चीवर त्यांनी तीन फुटी पिवळा गोळा बसवला, तो सूर्य. त्या मापानं पृथ्वी वाटाण्याएवढी झाली आणि मारुतीच्या पारापाशी आली. मोसंब्याएवढा गुरू डेअरीजवळ. लिंबाएवढा निळा नेपच्यून मोजत मोजत निघाला तो थेट आमच्या गोठ्यापाशी येऊन थांबला. गेणबांनी तो माझ्या शेजारच्या खिळ्याला स्वतः बांधला.

पोरांनी मॅडमना विचारलं, पृथ्वी सोडून कुठं कोणी राहतं का? मॅडम म्हणाल्या, शास्त्रज्ञ आभाळाकडं कान लावून बसलेत, अजून कुणाची हाक ऐकू आलेली नाही. आणि एक गोष्ट त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावली. उत्तर आलं नाही म्हणजे तिथं कोणी नाही, असं धरायचं नाही. मधे काय आडवं आलंय, ते आधी बघायचं.

त्यातूनच तो खेळ निघाला. शनिवारी सकाळची शाळा. बरोबर दहा वाजता निकितानं गच्चीवरून आरशानं तीन कवडसे टाकायचे, ग्रहाग्रहावरच्या माणसांनी तीन परत पाठवायचे. नेपच्यूनवर माणूस एकच आणि आरसाही एकच. नुकतीच ऊसतोड झालेली, त्यामुळं गच्ची लख्ख दिसायची. गेणबा मला दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. आयुष्यभर मी समोरच्याचं तोंड त्यालाच परत देत आलो. माझ्यातला उजेड तीन किलोमीटर जाऊन कुणाला तरी हसवतो, हे मला म्हातारपणी कळलं. पोरांच्या वहीत दर शनिवारी नोंद व्हायची, 'नेपच्यून: उत्तर आले.'

पण तोडलेल्या बुडख्यातून फुटलेल्या खोडवा उसाला वाढायला किती वेळ लागतो? जुलैत तो गेणबांच्या डोक्यावर गेला आणि गच्ची दिसेनाशी झाली. निकिता वहीत लिहू लागली, 'नेपच्यून: उत्तर नाही. ऊस आडवा.' असे पाच शनिवार गेले. एका रविवारी ती वही घेऊन वस्तीवर आली. गेणबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी तिच्याकडून वाचून घेतलं.

"म्हंजी आमच्या नेपच्यूनवर कुणी न्हाय म्हनायचं?"

"तसं न्हाय आबा. ऊस हाय ना मधी. तोडणी झाली की दिसंल."

ते हसले. पण मी त्यांचा चेहरा सतरा वर्षं बघतोय, ते मनाला लागलं होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला मेढीवरून काढून बंडीच्या खिशात घातलं आणि कडब्याच्या गंजीवर चढायला लागले. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं. रात्री भुरभुर होऊन गेलेली. गंजीचा माथा उसाच्या वर होता, आणि एकदा गच्ची दिसलीही. मला खिशातून काढायला त्यांनी हात घातला आणि पाय सरकला.

खाली आलो तेव्हा माझ्या कोपऱ्यातून तडा गेला होता आणि गेणबांना हलता येत नव्हतं. मोबाइल गोठ्यात चार्जिंगला. हाक मारली, पण ऐकणार कोण? थोड्या वेळानं त्यांनी उन्हाकडं बघितलं. दहा वाजत आले होते. त्यांनी मला छातीवर धरलं, गावाच्या अंगाला तिरपं केलं आणि तीनदा हलवलं.

"हाय मी हितं, पोरी," ते म्हणाले.

तीनही कवडसे उसाच्या पात्यांवर पडले आणि तिथंच राहिले. तिकडं वहीत सहाव्यांदा नोंद झाली, 'उत्तर नाही. ऊस आडवा.'

रणजित संध्याकाळी धारेला आला. बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेणबा गेले. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाल्याचं रणजित दाव्याच्या दोरीला हात लावून गाईंपाशी सांगत होता, आणि निकिता मागं उभी होती.

दहाव्याला मोनाली मॅडम आल्या. निकिता त्यांना एवढंच म्हणाली, "मी ऊस आडवा लिवलं. जाऊन बघितलं न्हाय." मॅडमनी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी निकितानं मला मेढीला परत टांगलं, तोंड आतल्या बाजूला करून. तिला माझ्यात बघवत नव्हतं. मी तिला दोष देत नाही.

आता पुन्हा जानेवारी आहे. ऊस तुटला, रान मोकळं झालं. शनिवारी दहाला गच्चीवरून तीन कवडसे येतात. निकिता ते टाकत नाही, दुसरं कोणीतरी टाकतं. ते माझ्या पाठीवर पडतात आणि पाठीला उजेड परत करता येत नाही.

वस्तीकडं तुमचं कधी येणं झालंच, तर मला खिळ्यावर फिरवून शाळेकडं तोंड करून द्या. आणि निकिताला सांगा, त्या वहीतली शेवटची ओळ चुकली आहे. उत्तर आलं होतं, तीनही वेळा. माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही.