हरणांचा सोमवार

शाळेच्या बसची काच फुटली तेव्हा व्हर्नाला वाटलं, दगड आला. मग तिचा डावा हात स्टिअरिंगवरून आपोआप घसरला आणि मांडीवर गरम रक्त सांडू लागलं. मागे एकोणीस मुलं किंचाळत होती. उजवीकडे खाली सरळ ओढा. तिनं उजवा हात आणि छाती लावून स्टिअरिंग दाबलं, बस डोंगराला घासत नेली आणि थांबवली.

"सगळे खाली झोपा. डोकी वर काढायची नाहीत," म्हणाली, आणि मगच हाताकडे बघितलं. कोपरातून हाड बाहेर आलं होतं.

झाडीतून शेजारचा क्लाइड रमेल धावत आला. "व्हर्ना, अगं, हरीण मध्येच उडालं गं…"

"बंदूक आधी खाली ठेव."

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यात ज्या सोमवारी हरणांची शिकार सुरू होई, त्या आठवड्यात शाळा बंदच असायची. यंदा शाळा मंडळानं पहिल्यांदाच ती भरवली. त्याविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज क्लाइडचाच होता.

पुढच्या वर्षी शिकारीच्या आठवड्यात शाळा बंद की चालू, हे ठरवायला जानेवारीत शाळेच्या जिममध्ये मंडळाची सभा भरली. व्हर्नाचा हात कोपरावरून कापला होता. क्लाइडवर खटला चालू होता, तरी तो उठला.

"मी सांगत होतो की नाही? शाळा बंद असती तर आज हिचा हात जागेवर असता."

"आणि तू घरी बसला असतास तर?" मागून गणिताचे मास्तर म्हणाले.

क्लाइडच्या मेव्हण्यानं त्यांची कॉलर धरली. खुर्ची उडाली. मास्तरांचं नाक फुटलं, पॉलिश केलेल्या फरशीवर रक्त पसरलं. चौघांनी मिळून मेव्हण्याला बाहेर ओढलं.

व्हर्ना उभी राहिली.

"क्लाइड, बावीस वर्षं मी त्याच रस्त्यानं जाते. बस पिवळी असते. हरीण पिवळं नसतं."

क्लाइड खाली बसला.

"मग तुमचं मत काय, व्हर्ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "बंद की चालू?"

"बंद ठेवा. पोरांचं ते किंचाळणं मला परत ऐकायचं नाही. पण शाळा चालू होती म्हणून हात गेला, असं कागदावर लिहू नका. क्लाइडनं न बघता गोळी झाडली, असं लिहा."

ठराव मंजूर झाला. लिहिलं मात्र एवढंच, 'सुरक्षेच्या कारणास्तव'.

व्हर्नानं कोट चढवला. क्लाइड पुढे येऊन बटणाला हात घालू लागला.

"राहू दे," ती म्हणाली.

रिकामी बाही तिनं खिशात खोचली आणि एका हातानं बटणं लावायला घेतली. वेळ लागला. शेवटचं बटण लागेपर्यंत दाराशी कुणी हललं नाही.