शेवटच्याला पहिला पीस

चेरीतालच्या मराठी चर्चात उपकारस्तुतीच्या सणाला मटणाचं प्रीतिभोजन असतं, आणि प्रीती संपते ती हंड्यापाशी. पाळकसाहेबांचं 'आमेन' पुरतं व्हायच्या आत तरणी मंडळी रांगेत असतात. अनुपमचे आजोबा, अण्णा, काठी टेकत पोचेपर्यंत हंड्यात रस्सा उरतो, आणि रस्स्यात मटण होऊन गेल्याचा वास. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून अण्णांच्या ताटात सणाचा एकही पीस पडला नव्हता.

अनुपम आर्थिक कायद्यात एलएलएम करत होता. त्याच्या मते हा भुकेचा नव्हे, धोरणाचा प्रश्न होता. चर्चच्या कमिटीपुढे त्याने लांबलचक भाषण केलं. बाजार पळणाऱ्याला देतो, प्रभूने मात्र शेवटच्याला पहिला मान दिला. तेव्हा वाढणं रांगेच्या शेवटून सुरू व्हावं. कमिटीला समोसे गार व्हायची काळजी होती. ठराव एकमताने पास झाला.

सणाच्या दिवशी नियम जाहीर झाला आणि मंडळीत कधी नव्हे ती नम्रता पसरली. 'आधी तुम्ही', 'नाही जी, आधी तुम्ही' करत सगळे एकमेकांच्या मागे जाऊ लागले. दरवर्षी पहिला असणारा बंडू सगळ्यात नम्र निघाला; तो उलट्या पावलांनी थेट फाटकाबाहेर गेला. त्याच्या मागे जायला कमिटी गेली. कमिटीच्या मागे पाळकसाहेब, कारण मेंढपाळाने कळपाच्या मागे चालावं हे त्यांना नेमकं तेव्हाच सुचलं.

मग रांग दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने बंडूचा फोन आला. ते पार बाजारात, कमानिया गेटला पोचले होते. तिथे खरेदीला आलेले लोक, रांग आहे म्हणजे काहीतरी मिळत असेल, म्हणून मागे उभे राहिले होते, आणि आता त्यांच्याही मागे जाणं भाग होतं.

"चलो भैया, आम्ही अजून मागं जाऊन राहिलो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

अनुपमने वाढायला उभ्या असलेल्या विनताकाकूंना हंडा रांगेच्या शेवटाकडे न्यायची विनंती केली. काकूंनी पळी पुसली.

"हा हंडा उचलायला चौघं लागतात. ते चौघंही शेवटीच उभे आहेत."

हंड्यापाशी फक्त अण्णा होते. गुडघ्यांमुळे त्यांना मागे जाता आलं नव्हतं, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर ताट घेऊन बसले होते. म्हणजे रांगेत ते पहिले. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांना सगळ्यात शेवटी. ज्याच्यासाठी कायदा केला, तोच माणूस कायद्याने उपाशी राहणार होता. अनुपमने मान खाली घालून त्यांना थांबायला सांगितलं.

"काहून?"

अनुपमने कारण सांगितलं. अण्णांनी सावकाश मागे वळून पाहिलं. मागे फाटक होतं आणि एक कुत्रं, तेही बाहेर चाललेलं.

"माझ्या मागं कोणीच नाही. मग शेवटचा कोण?"

अनुपमच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. काकूंनी मात्र निकालाची वाट न बघता अण्णांच्या ताटात नळी आणि दोन मोठे पीस घातले.

अण्णांनी नळी मन लावून चोखली. अनुपमने जरा आशेने विचारलं, झाला ना न्याय?

"न्याय बराबर आहे," अण्णा म्हणाले. "मीठ कमी आहे."

आणि त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं. नियमाप्रमाणे त्यांचाच नंबर होता.