पहाऱ्यावरच्या माणसाचा जबाब

"तुमचं म्हणणं सांगा, हवालदार. पाच मिनिटं आहेत," चौकशीचे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

टेबलावर बडतर्फीचा आदेश टाइप होऊन पडला होता. तारीख कालची. हवालदाराने ती उलटी वाचली. सव्वीस वर्षं टेबलाच्या अलीकडे उभं राहिल्यावर एवढं जमतंच. ऐकून घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा नाही, असा नवा नियम आला होता. ऐकायला इथे कुणाची ना नव्हतीच! आधी ठरवून मोकळं व्हायचं आणि मग निवांत ऐकायचं.

गेल्या महिन्यात कोठडीत एका रंगाऱ्याचा हात मोडला. मारलं फौजदाराने, पहाऱ्यावर होता हवालदार. पेपरात बोंब झाली, वरून फोन आला. फौजदाराला प्रशिक्षणाला पाठवलं आणि पहारेकऱ्याची मान सुरीखाली दिली. याला म्हणे शिस्त!

रंगाऱ्याची आई बाकावर बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, कारवाई झाली. समाधान झालं ना?"

"कुणावर झाली? ह्यांनी तर माझ्या पोराला पाणी पाजलं. मारणारा दुसराच होता. तो कुठंय?"

"तो आजचा विषय नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

पाण्याचं तेवढं सांगा, बाकी गप्प बसा, असं बायकोने हवालदाराला सकाळी बजावलं होतं. नोकरी वाचली तर त्यावरच वाचणार होती. पण त्या माउलीसमोर त्याला स्वतःचीच चीड आली.

"मावशी, पाणी नंतर दिलं," तो म्हणाला. "आधी कुलूप मीच उघडलं. फौजदारसाहेब म्हणाले उघड, मी उघडलं. आणि तो ओरडत असताना बाहेर उभा राहिलो." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "माझी शिक्षा मला द्या. पण मारलं कोणी, तेही लिहा."

बाईने त्याच्यावरची नजर काढून घेतली.

लेखनिकाने 'कुलूप मी उघडले' एवढंच लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. हवालदाराने पेन घेतलं. सहीच्या जागेवर त्याने उरलेलं सगळं लिहिलं, फौजदाराच्या पूर्ण नावासकट. सहीला जागा उरली नाही, ती समासात केली.

"काय लिवलंय, वाचून दाखवा," बाई म्हणाली.

साहेब वाचेनात, लेखनिक वाचेना. तेव्हा हवालदाराने कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागला.