बाळंतिणीच्या घरचा खलबत्ता

मी एक खलबत्ता आहे, पितळेचा, आणि खरं सांगू का, आता दमलोय. इजिप्तमधल्या दमन्हूर गावच्या ओताऱ्यानं मला ओतलं तेव्हा कसा खणखणीत वाजायचो. आता बूड चिरलंय, आवाज बसलाय. लसूण आणि धणे कुटून अंगाला जो वास लागलाय, तो कितीही घासलं तरी जात नाही.

मी आलो तो नव्या नवरीच्या रुखवतात. पुढे तिला शौकी झाला आणि गाव तिला उम्म शौकी, म्हणजे शौकीची आई, म्हणायला लागलं. तिचं खरं नाव आता मलाही आठवत नाही.

माझा मान बाळ जन्मल्यावर सातव्या दिवशी. बाळाला चाळणीत घालून जमिनीवर ठेवतात, कानाशी मला ठोकतात, आणि आई बाळाला सात वेळा ओलांडते. गल्लीतली निम्मी पोरं माझ्याच दणक्यानं पहिल्यांदा दचकलीत.

गेल्या वर्षी शौकीच्या बायकोला, रावयाला, मुलगी झाली. हनीन. सातव्या दिवशी बायका जमल्या. उम्म शौकी मला बडवत म्हणाली, "ऐक गं हनीन, आधी आजीचं ऐकायचं. आईचं काय ते सवडीनं." सगळ्या हसल्या. रावया नाही हसली. तिनं तीनदा ओलांडलं आणि उभीच राहिली. कोणाचं तरी गाठोडं सांभाळायला दिलंय, अशी ती बाळाकडे बघत होती. "टाके दुखत असतील," शेजारीण म्हणाली आणि उरलेल्या फेऱ्या तिला हाताला धरून उरकायला लावल्या.

त्यानंतर ती जेवेना, झोपेना. स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं, पुसायचंही नाही. मग उम्म शौकीनं चौकशी मांडली. नवव्या दिवशी शौकीची बहीण झीनत बाजारातून काळी वांगी घेऊन थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरली होती. चाळीस दिवसांच्या आत असं झालं की बाईचं दूध आटतं, जीव कोमेजतो, हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक.

"दारात ठेवता आली नाहीत का वांगी? अक्कल कधी येणार तुला?"

"आई, तूच तर आणायला सांगितलीस."

झालं. उतारा म्हणून तीन शुक्रवार, नमाजाच्या वेळी, माझ्यात पाणी आणि जुने मणी घालून ते पाणी रावयाच्या डोक्यावर ओतलं. गार पाणी, पण ती शहारलीसुद्धा नाही. मला फार लाज वाटली. मी वाटणाचं भांडं, मला वैद्य कोणी केलं?

मग म्हणाले, चाळिसावा दिवस होऊ दे, बाधा उतरेल. चाळिसावा गेला, पन्नासावा गेला. दोन महिन्यांच्या लसीला रावया गेलीच नाही, म्हणून आरोग्य केंद्रातली नर्स अवातिफ घरी आली. स्वयंपाकघरातच बसली. उम्म शौकी लसूण कुटत पहारा देत होती.

"लस देऊ मग. तू कशी आहेस?" अवातिफनं विचारलं.

"देवाची कृपा."

"ते सगळ्याच म्हणतात. बाळ झोपलं की तुला झोप लागते?"

"नाही."

"आपण नसतो तर बरं, असं मनात येतं?"

रावयानं लसणीची एक पाकळी उचलून परत खाली ठेवली. मग म्हणाली, "रोज येतं. हनीनला दुसरी आई मिळाली तर ती हसेल तरी."

उम्म शौकीच्या हातातला बत्ता थांबला.

"हा आजार आहे, रावया," अवातिफ म्हणाली. "वांग्यांचा दोष नाही, तुझा तर नाहीच. याला औषध आहे. आजच डॉक्टरकडे जायचं. आणि उम्म शौकी, तोवर हिला घटकाभरही एकटं सोडू नका."

शौकी दारात उभा होता. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील?"

"सांग लोकांना, आई वेडी झालीय, तिला नेलंय," उम्म शौकी म्हणाली. "रिक्षा बोलाव."

अंगावर पाजताना चालेल असं औषध मिळालं. दर आठवड्याला जाऊन बोलायचं. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. एकदा रावयानं गोळ्या केरात टाकल्या, सासूनं त्या निवडून काढल्या आणि तिच्यासमोर बसून राहिली. मग एका सकाळी रावया म्हणाली, "आई, भूक लागलीये." उम्म शौकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती किती वेळ.

परवा रावया धणे कुटत होती. म्हणाली, "आई, नर्स आली त्या दिवशी तुम्ही एका शब्दानं वाद घातला नाहीत. कसं काय?"

"शौकीच्या धाकट्या भावाच्या वेळी मलाही तसंच व्हायचं. दोनदा कालव्यापर्यंत गेले नि परत आले. कोणाला बोलले नाही."

"मग बऱ्या कशा झालात?"

उम्म शौकीनं लसणीची सालं गोळा केली. "बरी झाले असं कोण म्हणालं?"

तीस वर्षं ती मला बडवत होती आणि मला वाटायचं, बाईच्या मनगटात जोर आहे.

रावयानं बत्ता खाली ठेवला. "मंगळवारी माझी तारीख आहे. तुम्हीही चला, दाखवायला."

मंगळवारी दोघी गेल्या. घर शांत आहे, मी फळीवर पडून आहे. माझं काय, मोडीत जाईन. पण तुमच्या घरात कोणी अशी मान खाली घालून कुटत बसली असेल, तर वाटण होईपर्यंत थांबू नका. शेजारी बसा आणि तिला विचारा. "देवाची कृपा" म्हणाली, तर पुन्हा विचारा.