दुसऱ्या खुर्चीवरचे पोतनीस

श्यामकांत पोतनीस कोलकात्याला बदली मागून घेऊन आले होते. रेल्वेत अशी बदली सहसा कोणी मागत नाही, म्हणून मुंबईच्या ऑफिसात त्यांना दोघातिघांनी खोदून विचारलं. "बघू या जरा वेगळं," एवढंच ते म्हणाले. बायको शोभा गेल्यापासून ठाण्याच्या घरात संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लावायला त्यांचा हात होत नव्हता, हे काही ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं. मुलगी मधुवंती लग्न होऊन पुण्याला होती. गार्डन रीचला त्यांना उंच छताचं जुनं क्वार्टर मिळालं. त्यातल्या चार खोल्यांपैकी तीन त्यांनी बंदच ठेवल्या.

सुरुवातीला ते महाराष्ट्र मंडळात जाऊन आले. लोक चांगले होते, पण प्रत्येक जण "वहिनी नाही आल्या?" असं विचारायचा, आणि दर वेळी तेच उत्तर देऊन त्यांना थकवा आला. मग ते जाईनासे झाले. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, बाजारात मोडकीतोडकी बंगाली. मराठी उरली ती रविवारी सकाळी मधुवंतीचा फोन यायचा तेवढी पंचवीस मिनिटं.

साताऱ्याला शाळेत असताना ते बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. पितळेचं हे जाडजूड वाद्य मांडीवर घेऊन, जवळ कवटाळून वाजवतात, आणि त्याचा आवाज एखाद्या भरदार पुरुषी गळ्यासारखा असतो. शाळा सुटल्यावर चाळीस वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. एक दिवस ऑफिसच्या फलकावर त्यांना एक कागद दिसला : 'मैदान कॉन्सर्ट बँडला वादक हवे आहेत. वाद्य मिळेल.' शनिवारी दुपारी ते बस पकडून रिपन स्ट्रीटजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये गेले, आणि त्यांना युफोनियमची दुसरी खुर्ची मिळाली.

पहिल्या खुर्चीवर शंतनु घोषाल बसत. वय एकाहत्तर, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बँड सुरू झाला त्या दिवसापासून, म्हणजे तेवीस वर्षं, ती खुर्ची त्यांची होती. दोघांत स्वरलिपीचा एकच स्टँड असायचा. वाजवता वाजवता पान उलटायचं काम दुसऱ्या खुर्चीवरच्याचं. पहिल्याच दिवशी पोतनिसांनी दोन पानं एकदम उलटली तेव्हा शंतनुदा वाद्य तोंडाला तसंच ठेवून डोळ्यांनी हसले. पुढे दोघांना एकमेकांची सवय झाली. मध्यंतरात शंतनुदा बाहेरच्या टपरीवरून मातीच्या कुल्हडांतून दोन चहा आणायचे. ते हिंदीत बोलायचे, पण वळण बंगालीचं. फार बोलणं नसायचंच. कधी शंतनुदांच्या बायकोची संधिवाताची तक्रार, कधी मधुवंतीची नवी नोकरी. तरी शनिवारची दुपार आली की पोतनिसांना आठवड्यात काहीतरी आहे असं वाटायचं.

बँडचे मूळ कंडक्टर वारल्यावर त्यांच्या जागी कायमचा माणूस कोणी मिळाला नव्हता. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला पाहुणा कंडक्टर यायचा. दोन-तीन आठवडे तालीम घ्यायचा, कार्यक्रम करायचा आणि निघून जायचा. नौदलाच्या बँडमधले एक निवृत्त मास्टर आले, ते पायाने ठेका धरून फळ्या हादरवायचे. ड्रेस्डेनहून एक बाई आल्या, त्या चूक झाली की इतक्या दुःखी व्हायच्या की पुन्हा चूक करायची छातीच व्हायची नाही. कोणी जलद घ्यायचे, कोणी संथ. नावं मात्र कोणाचीच पाठ करायचे नाहीत. "सेकंड युफोनियम, जरा हळू," एवढीच पोतनिसांची ओळख. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ऑफिसातही त्यांना पदावरूनच ओळखत.

चौथ्या वर्षी, दुर्गापूजेच्या आधी, शंतनुदांनी चहा पिताना आवाज खाली आणून सांगितलं, "पुढचे चार दात काढले, श्यामबाबू. कवळी बसवली आहे. वरचे सूर धरताना हलते. बसेल हळूहळू. तुम्ही कोणाला बोलू नका."

"छे! मी कशाला बोलू?" पोतनीस म्हणाले.

डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून नचिकेत गोडबोले आला. तेहतीस वर्षांचा, व्हिएन्नात शिकलेला, उत्साही मुलगा. पहिल्याच दिवशी वादकांची यादी वाचताना तो थांबला आणि मान वर करून म्हणाला, "पोतनीस? म्हणजे आपल्याकडचे की काय?"

साऱ्या हॉलमध्ये मराठी वाक्य घुमलं. पोतनीस चक्क उभे राहिले. "हो. मूळचे साताऱ्याचे."

"वा! मग काका, तुम्ही मला वाचवा. मला इथे चहासुद्धा धड मागता येत नाही."

पोतनीस हसले. कोणी काका म्हटल्याला किती वर्षं झाली होती! त्या दुपारी त्यांनी रोजच्यापेक्षा चांगलं वाजवलं, आणि नचिकेतने ते ऐकलंही.

कार्यक्रमातल्या शेवटच्या रचनेत युफोनियमचा एक लांब एकल तुकडा होता. बाकी सगळा बँड गप्प होतो आणि हे एकच वाद्य सोळा मापं, म्हणजे ठेक्याची सोळा आवर्तनं, गातं. दुसऱ्या तालमीत शंतनुदांनी तो वाजवला. खालचं सगळं नेहमीसारखं सुरेख आलं. वरचा सूर फाटला. नचिकेतने पुन्हा घेतला. पुन्हा फाटला.

मध्यंतराला सगळे उठले. शंतनुदा वाद्यात फुंकीने साचलेलं पाणी काढत बसले होते. नचिकेत त्यांच्या स्टँडजवळ आला आणि शेजारी पोतनीस होते त्यांच्याशी मराठीत बोलू लागला, तिथे तिसरं कोणी नसल्यासारखा.

"काका, एक विचारू? यांचा वरचा सूर नेहमीच असा जातो?"

"नाही हो. अलीकडेच."

"का बरं?"

शंतनुदा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. पण मराठी बोलत असताना जणू एक दार लावून घेतल्यासारखं त्यांना वाटत होतं. आत फक्त दोघं, आणि समोरचा मुलगा विश्वासाने विचारत होता.

"त्यांना कवळी बसवलीय," ते म्हणाले. "समोरच्या दातांची."

"अरेरे. मग अवघडच आहे. ओठांची पकड परत यायला वर्ष जातं, कधी येतही नाही. काका, हा सोलो तुम्ही वाजवाल?"

आधी त्यांना विचारा, असं म्हणता आलं असतं. मी नाही वाजवणार, असंही. पण चार वर्षं पानं उलटताना तो आवाज आपल्याही छातीत आहे हे पोतनिसांना ठाऊक होतं, आणि आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"वाजवीन की," ते म्हणाले.

नचिकेत त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेला. शंतनुदांनी फडक्याने वाद्य पुसलं आणि विचारलं, "काय म्हणत होता मुलगा?"

"काही नाही," पोतनीस म्हणाले. "आमचं घर कुठलं, वगैरे."

"अच्छा," शंतनुदा म्हणाले, आणि चहा आणायला गेले. दोन आणले.

दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमासाठी ठेवलेल्या जादा तालमीच्या सुरुवातीला नचिकेतने इंग्रजीत जाहीर केलं की युफोनियमच्या खुर्च्यांची या कार्यक्रमापुरती अदलाबदल होईल. त्याने शंतनुदांचे आभार मानले, अगदी नीट शब्दांत. त्याचं वाक्य संपायच्या आत शंतनुदा उठून उभे राहिले होते. त्यांनी आपलं फडकं आणि तेलाची बाटली उचलली, पहिल्या खुर्चीकडे हात केला.

"बसा, श्यामबाबू."

"शंतनुदा, मला खरंच…"

"बसा. सगळे थांबलेत."

त्या दिवशी आणि पुढच्या सगळ्या तालमींत शंतनुदांनी पानं उलटली. एकदाही चुकले नाहीत. मध्यंतरात चहा येत राहिला. बोलणं मात्र बायकोच्या गुडघ्यांपर्यंतही गेलं नाही. पोतनिसांनी ठरवलं की कार्यक्रम झाला की सगळं सांगून टाकू.

कार्यक्रम छान झाला. सोळा मापं वाजवताना पोतनिसांना समोरचं काही दिसत नव्हतं. वरचा सूर आला, टिकला, अलगद खाली उतरला. संपल्यावर नचिकेतने त्यांना हाताने उठवलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ते खाली बसले तेव्हा शंतनुदांनी आपल्या मांडीवर हलकेच दोन थापा मारल्या. वादक वादकाला देतो तशी ती दाद होती. पोतनिसांना वाटलं, संपलं, त्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही. ते काही बोलणार तोच लोक मंचावर आले, फोटो सुरू झाले. नचिकेत म्हणाला, "काका, पुण्याला आलात की घरी यायचंच. आईला फार आवडेल." गर्दी ओसरेपर्यंत शंतनुदा निघून गेले होते.

मधुवंतीला रेकॉर्डिंग पाठवलं. "बाबा, हे तुम्ही?" ती फोनवर रडायला लागली. "आईने ऐकायला हवं होतं." नचिकेतला पोतनिसांनी दोन दिवसांनी चार ओळींचा संदेश पाठवला. उत्तरात हात जोडल्याचं चित्र आलं. जानेवारीत पुन्हा एक संदेश केला, त्याला काही आलं नाही. त्यात त्या मुलाची काही चूक नव्हती. तो तेव्हा दुसऱ्या गावात दुसऱ्या बँडपुढे उभा असणार.

जानेवारीच्या पहिल्या तालमीला शंतनुदा आले नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या शनिवारी बँडच्या सेक्रेटरी मंजुषा सेन यांनी सांगितलं, "घोषालबाबूंनी बँडचा ब्लेझर परत पाठवला. तब्येतीचं कारण लिहिलंय. तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही तर शेजारी बसायचात."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मधुवंतीचा फोन झाल्यावर पोतनीस निघाले. करुणामयी स्टेशनला मेट्रोतून उतरून, विचारत विचारत सॉल्ट लेकमधल्या एका शांत गल्लीत पोचले. दार शंतनुदांच्या पत्नी निर्मलादींनी उघडलं. त्यांच्या गुडघ्यांबद्दल पोतनिसांना सगळं माहीत होतं, त्यांना स्वतःला मात्र ते प्रथमच पाहत होते. चार वर्षांत ते या घरी कधी आले नव्हते, हेही त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

शंतनुदांनी उठून स्वागत केलं. चांगल्या कपांतून चहा आला, बशीत छेन्याची मिठाई, संदेश, आले. या वर्षी थंडी कशी लांबली, गार्डन रीचकडून यायला किती वेळ लागतो, अशा गप्पा झाल्या. शंतनुदा त्यांच्याशी अतिशय अदबीने बोलत होते, पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसे.

निर्मलादी आत गेल्यावर पोतनीस म्हणाले, "शंतनुदा, त्या सोलोबद्दल…"

"त्याचं काही नाही. तो तुम्ही वाजवायलाच हवा होता. मीच पूजेनंतर म्हणणार होतो, माझं आता झालं, तुम्ही घ्या. जीभ रेटत नव्हती एवढंच."

"मग तुम्ही का सोडलंत?"

शंतनुदांनी कप खाली ठेवला. "तुमची भाषा मला येत नाही. पण तुम्ही त्या मुलाशी बोलताना असं केलंत." त्यांनी बोट आपल्या पुढच्या दातांवर टेकवलं. "मी तिथेच बसलो होतो. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणालात, घर कुठलं ते विचारत होता."

पोतनिसांना आपलं बोट दातांकडे गेल्याचं आठवतच नव्हतं. पण गेलं असणार.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "फार दिवसांनी कोणी माझ्या भाषेत…" वाक्य अर्ध्यात असतानाच ते किती पोकळ आहे हे त्यांना कळलं.

"समजतं मला," शंतनुदा म्हणाले. त्यात राग नव्हता. "तुम्ही एकटे असता, मला माहीत आहे. म्हणून तर मी तुम्हालाच सांगितलं होतं. घरात मुलाला अजून सांगितलेलं नाही. पण आता तुमच्या शेजारी बसून मला वाजवता येणार नाही. खुर्ची कुठलीही असो. संदेश घ्या ना. नोलेन गुडाचे, खजुराच्या नव्या गुळाचे आहेत."

पोतनिसांनी संदेश घेतला आणि खाल्ला. निर्मलादी बाहेर आल्या, थोडा वेळ पुन्हा थंडीबद्दल बोलणं झालं. निघताना शंतनुदा फाटकापर्यंत आले.

"आबार आशबेन," म्हणाले. परत या. बंगाली घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात तसंच. पोतनिसांनी नमस्कार केला. परत येण्यासारखं आता काही राहिलेलं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

मेट्रोने परत न जाता ते बराच वेळ सॉल्ट लेकच्या सरळ, एकसारख्या रस्त्यांवरून चालत राहिले. त्यांना मधुवंतीला फोन करावासा वाटला, पण सांगायचं काय? ती ऐकून म्हणाली असती, "बाबा, एवढं काय त्यात?" आणि तिचं समाधान करायला त्यांनाही तसंच म्हणावं लागलं असतं.

फेब्रुवारीत शिलाँगहून नव्या पाहुण्या कंडक्टर आल्या. मध्यमवयीन, हसऱ्या बाई. त्या मध्यंतरात प्रत्येकाजवळ जाऊन चौकशी करत होत्या. पोतनिसांपाशी येऊन त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या विभागात तुम्ही एकटेच?"

"दोघं होतो," पोतनीस म्हणाले. "शंतनु घोषाल. सत्तावीस वर्षं वाजवत होते, माझ्यापेक्षा चांगले. त्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसऱ्याला सांगितली, आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो. म्हणून ते येत नाहीत."

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली, "आय ॲम सो सॉरी" म्हणाल्या आणि थोडं थांबून ट्रम्पेटवाल्यांकडे वळल्या. तीन आठवड्यांनी त्या जाणार होत्या. पोतनिसांनी हे आजवर कोणाजवळच बोलून दाखवलं नव्हतं. बोलल्यावर हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती, तसं काही झालं नाही.

हळूहळू सगळे बाहेर गेले. टपरीवर मंडळी घोळक्याने चहा पीत उभी होती. मध्यंतर संपायला दहा मिनिटं होती. पोतनिसांनी वाद्य मांडीवर घेतलं, आणि रिकाम्या हॉलमध्ये खालच्या पट्टीतला एक लांब सूर धरला.